खळ्यावरची शोमॅच

लोक क्रिकेटपायी वेडे होतात, मी बास्केटबॉलपायी झाले. तेही लग्नानंतर, सासरी, डोक्यावर पदर घेऊन. आजही टीव्हीवर कुठं बास्केटबॉल लागला की मी रिमोट मांडीखाली दाबून बसते आणि घरातले म्हणतात, "झालं, आता आज जेवण विसरा." विसरा तर विसरा. मी काय रोज पाहते का?

हे वेड लावलं माझ्या नणंदेनं. मी आमगावकडची, दिली दवनीवाड्याच्या पुढच्या एका गावात. घरी सासू, सासरे, आमचे हे आणि ही एकुलती एक नणंद. दोन हजार सालाच्या आगेमागे ती गोंदियाच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळी गुडघे सोलून यायची. घरकामात म्हणाल तर सगळा आनंदीआनंद. पाण्याची गुंडी उचलली की अर्धी स्वतःच्या अंगावर, भाताची पेज गाळायला बसली की अर्धा भात चुलीत. सासूबाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "हिच्या हाताले भोकं पडले का काय माय!" ती हसायची आणि पाय आपटत बाहेर जायची. मला राग यायचा, कारण सांडलेलं मलाच आवरावं लागायचं. पण तिच्यावर राग धरणं कोणाला जमलंय?

खेळाचे नियम तिनं मला गोठ्यात शिकवले. बूड गेलेली एक बांबूची टोपली वाशाला टांगली, चिंध्यांचा चेंडू केला आणि सुरू. "वहिनी, चेंडू हातात धरून पळायचं नाही." मग पळायचं कसं? तर म्हणे चेंडू जमिनीवर आपटत आपटत. आता चिंध्यांचा चेंडू आपटला तर तो तिथंच बसतो, शेणात. मला वाटायचं, हा काय खेळ झाला? टोपलीत चेंडू टाकायचा आणि टोपलीला बूडच नाही! "तुमच्या कॉलेजवाल्यांले धड टोपली मिळत नाही का वो?" मी म्हणायची. ती लोटपोट हसायची. खरी मॅच मी तोवर एकही पाहिली नव्हती.

त्या वर्षी तिच्या मनात एकच गोष्ट होती. दिवाळीच्या आधी नागपूरला सगळ्या कॉलेजांच्या मुलींच्या मॅचेस होत्या आणि टीममध्ये तिचं नाव होतं. दोन रात्रींचा मुक्काम. इकडे मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वेगळंच ठरलेलं. धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, घरात आले की पोरीचं लग्न. एक-दोन स्थळं येऊनही गेली होती. लग्न झालं की कॉलेज संपलं आणि कॉलेज संपलं की खेळ संपला, हे तिलाही कळत होतं. म्हणून तिनं हिंमत करून एकदा नागपूरचं विचारलं. मामाजी म्हणाले, "पोरगी परगावी रात्र काढणार नाही." विषय संपला. गावात भांडण झालं की लोक कोर्टाआधी आमच्या अंगणात यायचे, असा त्यांचा शब्द. त्या शब्दापुढे घरचे काय बोलणार? दोन दिवस ती रुसून बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुडघे सोलून आली.

दसरा झाला आणि एक दिवस ती धापा टाकत घरी आली. त्यांच्या कॉलेजात दरवर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी एक शोमॅच व्हायची. आपल्याच पोरींच्या दोन टीम करायच्या आणि चार लोकांसमोर खेळवायच्या. पोरींची भीड मोडते आणि सरांना कळतं, गर्दीत कोण टिकते ते. त्या साली कॉलेजनं सिमेंट करायचं म्हणून मैदान खोदून ठेवलेलं. सर जागा शोधत होते. शहरात एक जागा मिळेना.

"अन् मी म्हटलं, आमच्या गावचं खळं आहे ना!"

आमच्या ह्यांनी तर सरळ बैलाला पाणी दाखवायला धूम ठोकली. गावचं खळं म्हणजे गावाबाहेरची मोठी, सपाट, टणक जागा. सगळ्या गावाचे धान तिथं चुरायचे. मशीन आली होती, पण बरेच कास्तकार अजून बैलांच्या पायाखालीच धान काढायचे. त्या जागेचा मान देवळाएवढा. मामाजींनी आधी सुपारी कातरली. मग म्हणाले, "पाहुणे गावात यायचं म्हणून रायले, तं नाही कसं म्हणाव? या म्हणाव." ती उड्या मारायच्या बेतात होती तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "मी बी पाहीन खेळ. पाहीन, मंग नागपूरचं सांगीन."

झालं. ज्या माणसानं जन्मात एक खेळ पाहिला नाही, त्याच्या हाती सगळं आलं. ती रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, मी पडली-बिडली तं?" मी म्हटलं, "पडायचं नाही." मोठी शहाणी मी!

खळं तयार करायचं काम आम्हा बायकांचं. हलके, म्हणजे लवकर येणारे, धान कापणीला आलेच होते, म्हणजे खळं तसंही करायचंच होतं. पुरुषांनी मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घेतलं. मग आम्ही घमेली घेऊन उतरलो. शेणाचा काला करायचा आणि हातानं सारवत मागं मागं सरकायचं. कंबरेचे काटे ढिले झाले. पण दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जे खळं दिसलं, काय सांगू! आरशासारखं म्हणणार नाही, शेण ते शेणच. पण एक खडा नाही, एक भेग नाही. टेप घेऊन त्यांचे सर आले. गोंदियाचे, हिंदीतच बोलणारे, पोट सुटलेले, गळ्यात शिटी. खळ्यावर पाय ठेवणार तेवढ्यात चार म्हाताऱ्या एकदम ओरडल्या. खळ्यावर चप्पल-जोडे चालत नाहीत. बिचाऱ्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि आत आले. हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भाभीजी, क्या ग्राउंड बनाया है! ऐसा तो गोंदिया में नहीं है." खेळताना पोरीही अनवाणीच खेळतील, हे त्यांनी तिथंच कबूल केलं. मग चुन्याच्या रेघा मारल्या, दोन्हीकडे आखलं, मधोमध एक मोठा गोल काढला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाळीच्या फळ्या लावलेले लोखंडी खांब आणले होते, ते दोन टोकांना गाडले. संध्याकाळी सर खूश होऊन गेले.

आणि सकाळी पाहतो तर मैदानाच्या ऐन मधोमध, त्या चुन्याच्या गोलात, एक मेढ उभी!

मेढ म्हणजे खळ्याच्या मधला जाडजूड लाकडी खांब. बैल त्याच्याभोवती फिरतात. ती रोवायचा मान आमच्या घरचा. मामाजींनी पहाटे आंघोळ करून, हळदकुंकू लावून, नारळ फोडून मेढ रोवली होती. नेहमीसारखी, कोपरभर खोल. आणि एकदा पूजा झाली की धानाची रास घरी जाईपर्यंत मेढ उपटायची नाही, हे आमच्याकडं पोट्ट्यासोट्ट्यांनाही माहीत असतं.

नणंदेनं पाहिलं आणि ती रडकुंडीला आली. "बाबा, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं? खळं सारवून झालं, तं मेढ नको?"

"अहो, पण मध्येच?"

"मंग कुठं रोवतेत मेढ, बांधावर? तुमच्या सरानंच तं जागा आखून ठेवली होती, गोल!"

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. काय करणार! माणूस अगदी सरळ मनानं बोलत होता. गावात सकाळपासूनच दोन तट पडले. कॉलेजच्या पोट्ट्या खेळायला येऊन राहिल्या, तर मेढ काढा, असं तरणे म्हणायचे. काढली तर वर्षाचे धान कुठं चुरायचे, असं म्हातारे म्हणायचे. मामाजी एकच वाक्य बोलत राहिले, "मेढ निंघणार नाही."

दुपारी कॉलेजची मेटॅडोर आली. सर उतरले, मेढ पाहिली. मेढीभोवती फिरून आले. डोक्याला हात लावला. मग एकदम खो खो हसायला लागले, इतके की खाली बसले. "बाबूजी," ते मामाजींना म्हणाले, "पाँच-पाँच के खेल में आपने छठा खिलाड़ी खड़ा कर दिया!" मामाजींना वाटलं स्तुती चालली आहे, त्यांनी मान डोलावली. शेवटी पोत्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरला आणि ती पोती मेढीला सुतळीनं गच्च बांधली. सरांनी पोरींना बजावलं, "सँभल के. ये भी ग्राउंड का हिस्सा है."

पोरी मेटॅडोरमधून उतरल्या तसे गावाचे डोळे मोठे झाले. हाफ पँट! बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारची म्हणाली, "बाप्पा, माय-बापाले काही वाटत नाही का वो?" मी म्हटलं, "चिखलात परहे लावताना तू लुगडं कुठवर खोचतेस, ते मी पाहिलं आहे. गप पाहाय." एक शहरी पोरगी बूट काढून खळ्यावर पाय ठेवताना नाक मुरडून म्हणाली, "छी, गोबर है!" मला अस्सा राग आला. कंबर मोडेस्तोवर सारवलं ते हिच्या नाकासाठी? पण खेळ सुरू झाल्यावर तीच पोरगी दोनदा घसरली आणि जमिनीला नावं ठेवू लागली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आता मी जे पाहिलं ते सांगते. आधी सरांनी माइकवरून एकेका पोरीचं नाव पुकारलं. नाव आलं की ती रेघेबाहेरून पळत मध्ये यायची, हात वर करायची आणि ओळीत उभी राहायची. सगळा गाव टाळ्या वाजवायचा. आमच्या पोरीचं नाव घेताना ते म्हणाले, "और ये, इसी गाँव की बेटी!" बाई गं! आमच्याकडं पोरीचं नाव माइकवरून कधी निघतं? लग्नाच्या मांडवात, कोणी किती आहेर केला ते सांगताना. इथं तिचं नाव तिच्यासाठी निघालं होतं. मी मामाजींकडं पाहिलं. ते पुढच्या रांगेत खुर्चीवर, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही हात काठीवर. टाळी नाही, हूं नाही.

मेढीमुळं सरांनी चेंडू गोलाच्या बाजूला उडवला आणि खेळ सुरू झाला. पहिला आवाज आला तो चेंडूचा. धप्, धप्, धप्. ते खळं मी माझ्या हातानं सारवलेलं, पण असा आवाज त्याच्यातून निघतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तळपायापर्यंत तो येत होता. आणि त्या चेंडूमागे आमची पोरगी. अगं आई! ही का ती गुंडी सांडणारी? चेंडू तिच्या हाताला जसा काही पाळलेला होता. ती त्याच्याकडं पाहतच नव्हती. ती पाहायची तिकडं, चेंडू जायचा इकडं, आणि जिथं जायचा तिथं तिची मैत्रीण बरोब्बर उभी असायची. हे तिला कोणी सांगितलं? डोळे कुठं होते हिला, पाठीला?

मग एकदा चेंडू तिच्याकडं आला. समोर ती सगळ्यांत उंच पोरगी हात पसरून उभी. आमची सरळ मेढीकडं पळत सुटली, उंच पोरगी मागं. मला वाटलं, संपलं, आपटते आता. मेढीपाशी आली आणि पोत्याला खांदा घासून अशी काही वळली की मागची धाडकन तणसावर आदळली. हसता हसता गावाची पुरेवाट. आमची पुढं निघून गेलेली. दोन ढांगा टाकल्या आणि तिनं उडी घेतली.

ती उडी मला अजून दिसते. खरं सांगते, माणूस एवढा वर जातो हे मी पाहिलंच नव्हतं. झाडावर चढलेलं पाहिलं, गंजीवर चढलेलं पाहिलं, पण कशालाही न धरता, नुसतं मनात आलं म्हणून वर? एका हातानं तिनं चेंडू वर ठेवल्यासारखा ठेवला. जाळी फडफडली. ती खाली आली आणि लगेच उलटी पळाली, जणू काही झालंच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला पुसायचं भान नव्हतं. मनात एवढंच चाललं होतं, माय वो, ही आपल्याच घरची का? हिच्या ताटातला भात मी वाढते का?

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी उभीच होते. शेजारची दोनदा म्हणाली, "बस ना वो," पण बसणार कोण! कोणाचा फाऊल, कोणाचा चेंडू, गोठ्यात शिकलेलं एकेक कळत होतं. बूड नसलेल्या टोपलीचं कोडंसुद्धा सुटलं. चेंडू अडकून बसला तर खेळ थांबेल, म्हणून ती रिकामी.

आणि मग ती पडली. बाहेर चाललेला चेंडू धरायला ती मान मागं वळवून पळत होती. पुढं मेढ आहे हे त्या घाईत विसरली. पोती होती, पण खाली सरकलेली. खांदा लाकडावर असा बसला की तो आवाज माझ्यापर्यंत आला. ती खाली पडली ती पडलीच. तोंड शेणाच्या सारवणावर. सरांनी शिटी मारली.

मामाजी उठले. काठी टेकत थेट रेघेपाशी गेले. "झाला खेळ," ते म्हणाले. "चाल वो, घरी चाल." ते रेघ ओलांडणार तेवढ्यात सरांनी तळहात पुढं केला. "बाबूजी, अभी नहीं. खेल में बाहर का आदमी अंदर नहीं आता." त्यांच्या गावात, त्यांनी मेढ रोवलेल्या खळ्यावर, मामाजींना कोणी बाहेरचा माणूस म्हणालं होतं. आणि मामाजी थांबले. चुन्याच्या एका रेघेपाशी थांबले. पण पुन्हा म्हणाले, "पोरी, चाल." तिनं मान थोडी वर केली. बापाकडं पाहिलं. उठायला लागली ती घरी यायलाच, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"ऊठ! ऊठ ना वो! घरी कायले येतेस? खेळ!"

हे कोण ओरडलं म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं, तर सगळा गाव माझ्याकडं पाहत होता.

आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बोलत नाही. आता बोलतात, तेव्हा नव्हत्या बोलत. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, मामाजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. जेवायला वाढलं की बांगड्या वाजवायच्या. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार, तेही समोरासमोर बसलेले असताना. आणि आता माझा पदर खांद्यावर, केस सुटलेले आणि तोंड उघडं. मामाजी मान वळवून माझ्याकडं बघत होते. पण तिकडं पोरगी उभी राहिली होती, हनुवटीचं शेण पुसत होती आणि सरांना म्हणत होती, "सर, ठीक हूँ, खेलूँगी." चेंडू पुन्हा सुरू झाला. मग मी म्हटलं, मेलं काय ते, आणि खेळाकडं तोंड फिरवलं. व्हायचं ते झालं होतं, मॅच कशाला सोडायची?

त्यानंतर तिनं एका हातानंच खेळ केला. दोनदा चेंडू टाकला, दोनदा बाहेर गेला. तरी लोक ओरडत होते. कोण जिंकलं ते मला आजही नीट आठवत नाही. खेळ संपल्यावर गावानं पोरींना चहा-चिवडा दिला. नाक मुरडणारी ती पोरगी मामाजींच्या पाया पडली. सरांनी हळूच विचारलं, "बाबूजी, नागपूर?" मामाजी म्हणाले, "सांगतो," आणि घराकडं चालू लागले.

घरी आलो, दिवेलागण झाली. सासूबाई पोरीच्या खांद्याला हळद-तेल चोळत बसल्या. हे पुन्हा बैलाला पाणी दाखवत होते, त्या दिवशी बैलाचं पोट फुटायचंच बाकी होतं. मी चुलीपुढं. आता माहेरी धाडतात की काय, एवढाच विचार. अंगणातून आवाज आला.

"सूनबाई."

सासूबाईंचा हात थांबला. सूनबाई म्हणून मामाजींनी मला थेट कधी हाक मारली नव्हती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"बाहेर ये. आज तुहा आवाज ऐकला मी. साऱ्या गावानंच ऐकला." ते खाटेवर बसले होते, माझ्याकडं न पाहता. "मले तो खेळ समजला नाही. मले एवढंच दिसलं का पोरगी पडली, अन् मी रोवलेल्या मेढीवर पडली. मी तिले घरी चाल म्हणून रायलो होतो. तू काऊन ऊठ म्हणत होती?"

सासूबाईंकडं पाहिलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "बोल, बोल."

"मामाजी," मी म्हटलं. स्वतःचाच आवाज परका वाटला. "ती तशीच घरी आली असती, तं पुन्हा खेळाले गेली नसती कवाच."

"अन् नागपूरले पडली तं?"

"तं उठन."

"तिथं ऊठ म्हणायले कोण रायते?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. म्हातारा माणूस खरंच घाबरला होता. इतकी वर्षं मी त्याला कडक समजत आले, आणि तो अंगणात बसून आपल्या पोरीला कोण उठवेल याची काळजी करत होता.

"तूच जाय मंग तिच्या संगं," मामाजी म्हणाले.

आत काहीतरी धाडकन पडलं. तेलाची वाटी होती. नणंदबाईंनीच पाडली, दुसरं कोण पाडणार!

तर अशी मी नागपूरला गेले. मोठा हॉल, वर दिवे, खाली लाकडाची चकचकीत जमीन, तिच्यावर बुटांचा चुईंचुईं आवाज. आमच्या पोरी पहिल्याच मॅचला सपाटून हरल्या. समोरच्या पोरी म्हणजे वादळ होत्या. आमची पडली, तीन वेळा पडली, आणि तिन्ही वेळा मी ओरडायच्या आत उठली. घसा तरी बसलाच माझा, बाकीच्यांसाठी.

परत येताना दोघी गाडीत खिडकीशी बसलो. ती हसत होती, टिंगल करत होती, तिथं मेढ असती तर आपण जिंकलो असतो म्हणत होती. गोंदियाहून शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरलो तर मामाजी काठी घेऊन उभे.

"काय झालं?"

"हरलो, बाबा."

"लय?"

"लय."

ते पुढं चालू लागले, आम्ही मागं. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत भारी, म्हणजे उशिरा येणारे, धान पिवळे पडले होते, कापायला झालेच होते. घराचं वळण आलं तसं मामाजींनी मागं न पाहता विचारलं, "पुढच्या साली कवा रायते हे?"

मी उभीच राहिले. पुढच्या साली म्हणजे धान चुरून झाल्यावर लग्न नाही. म्हणजे कॉलेजचं तिसरं वर्ष. ते तिला माझ्या आधी कळलं असावं, कारण ती रस्त्यातच मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. खांदा सुजला तेव्हा ती रडली नव्हती, नागपूरला हरली तेव्हाही नाही.

मामाजी घाबरून मागं आले. "आता कायले रडून रायली? पुन्हा पडली का?" ते तिला नाही, मला विचारत होते.

"रडू द्या तिले, मामाजी," मी मोठ्यानं म्हटलं. "उठते ती आपली आपण."